फळांचे लिंबू-सरबत : कुरुमची पद्धत आणि आपली गरज

आपल्या बेटावर डिसेंबर महिना आला की शाळांना सुट्या लागतात, लिचीची झाडे लाल होतात आणि घरोघरी पाहुण्यांची वर्दळ सुरू होते. कोणी समुद्रकिनारी जेवणाचा बेत करतो, कोणाकडे साखरपुडा असतो, कोणाकडे सत्यनारायण. अशा प्रत्येक प्रसंगी जेवणाची तयारी चार दिवस आधीपासून होते. पिण्याचे काय, हा प्रश्न मात्र कोणी विचारीत नाही. दुकानातून रंगीत पेयांच्या बाटल्यांची खोकी आणली की काम झाले, असे आपण समजतो. या लेखात आम्ही त्याच प्रश्नाविषयी चार शब्द लिहिणार आहोत. विषय लहान वाटेल, पण आपल्या कुटुंबांच्या प्रकृतीशी त्याचा फार जवळचा संबंध आहे.

ओमान देशाची राजधानी मस्कत. तिच्या किनाऱ्यावरील एका वस्तीचे नाव कुरुम. तेथील एका मराठी कुटुंबाचा पाहुणचार घेण्याचा योग आम्हांला आला. यजमानांचे मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यात. आपल्यापैकी अनेकांचे पूर्वजही 1834 नंतरच्या काळात मुंबई बंदरातून याच मुलखातून बेटावर आले, त्यामुळे बोलण्याचा धागा जुळायला वेळ लागला नाही. त्या घरी उन्हाळ्यातल्या मेळाव्यासाठी फळे घालून लिंबू-सरबत कसे करतात ते पाहिले, आणि आपल्या वाचकांना ते सांगितले पाहिजे असे वाटले.

प्रथम त्या ठिकाणाविषयी. अरबी भाषेत ‘कुर्म’ म्हणजे खाडीकाठचे तिवराचे झाड. कोकणात खाडीच्या चिखलात जी तिवरे वाढतात, त्यांचेच भाऊबंद येथे आहेत. आपल्या बेटावरही किनाऱ्याला खारफुटी आहे, तिला आपण ‘मांग्लिए’ म्हणतो. कुरुमच्या या तिवरांच्या वनाला 1975 सालापासून संरक्षण मिळाले आहे. जवळच लांबलचक वाळूचा किनारा आहे. 2011 साली सुरू झालेले ओमानचे प्रसिद्ध संगीतगृह, म्हणजे रॉयल ऑपेरा हाऊस, याच भागात आहे. वस्ती नीटनेटकी आणि रस्ते रुंद आहेत. पण उन्हाळा? त्याची कल्पना आपल्याला बेटावर बसून येणार नाही.

आपल्याकडे किनाऱ्यावर तापमान 32-33 अंशांवर गेले की आपण पंखा शोधतो. मस्कतमध्ये जून महिन्यात दुपारी 40 अंश ही रोजची गोष्ट आहे, आणि समुद्र जवळ असल्यामुळे हवा दमटही असते. मस्कतच्या आग्नेयेस कुरियात नावाचे किनाऱ्यावरचे गाव आहे. तेथे 26 जून 2018 रोजी पूर्ण चोवीस तासांत पारा 42.6 अंशांच्या खाली उतरलाच नाही, रात्रीसुद्धा नाही! जून ते ऑगस्ट या तीन महिन्यांत दुपारी साडेबारा ते साडेतीन या वेळेत मजुरांकडून उघड्यावर काम करून घेण्यास त्या देशात कायद्याने बंदी आहे. वाचकांनी ध्यानात ठेवावे की त्यांचा उन्हाळा तो आपला हिवाळा. ते घामाघूम होतात तेव्हा क्युरपिपमध्ये आपण लोकरीचे स्वेटर घालतो, आणि आपला उन्हाळा येतो तेव्हा कुरुमच्या किनाऱ्यावर सुखद वारा वाहत असतो.

अशा उन्हात मेळावा दिवसा भरणे अशक्यच. शुक्रवार-शनिवार ही तेथील सुटी. सूर्य मावळल्यावर लोक घराबाहेर पडतात. किनाऱ्यावर मुले चेंडू खेळतात, कुटुंबे चटया पसरून बसतात आणि प्रत्येक चटईवर थंड पेयाचे एखादे भांडे असतेच. आमच्या यजमानांकडे त्या दिवशी वीस-बावीस माणसे जमली होती. मराठी होती, गुजराथी होती आणि शेजारचे एक ओमानी कुटुंबही होते. बाटलीबंद पेय एकही नव्हते. स्टीलच्या मोठ्या पातेल्यात कलिंगड आणि पुदिना घातलेले लिंबू-सरबत होते. वहिनी ओगराळ्याने पेले भरून देत होत्या.

सरबताच्या पातेल्याशेजारी एक छोटी किटली ठेवलेली होती. तिच्यात साखरेचा पाक होता. सरबत मुळातच बेताचे गोड केलेले. ज्याला अधिक गोड हवे त्याने आपल्या पेल्यात चमचाभर पाक घालून घ्यावा, अशी तेथली रीत. आम्ही वहिनींना याचे कारण विचारले. त्या म्हणाल्या, “अहो गुरुजी, आमच्या मामंजींना मधुमेह आहे. त्यांच्यासाठी वेगळा पेला केला की चारचौघांत त्यांना अवघडल्यासारखं होतं. म्हणून आम्ही सगळ्यांसाठीच कमी गोड करतो. ज्याला हवं तो वरून घेतो. आता मुलांनाही तीच चव आवडते.”

त्यांचे हे उत्तर आम्हांला फार मोलाचे वाटले. आपल्या घरी काय होते? मधुमेह असलेल्या आजोबांपुढे रंगीत पेयाचा पेला येतो. ते नको म्हणतात. मग सर्वजण आग्रह करतात : “घ्या हो, एका पेल्याने काय होते? आज तर शुभ दिवस!” बिचारे आजोबा एक तर तो पेला पितात, नाही तर कोपऱ्यात साधे पाणी घेऊन बसतात. आग्रह करणाऱ्याचे मन चांगले असते यात शंका नाही. पण पाहुणचाराची ही रीत तपासून पाहण्याची वेळ आली आहे.

आपल्या बेटावर 1987 सालापासून सरकारमार्फत असंसर्गजन्य रोगांच्या पाहण्या होत आल्या आहेत. त्यांतून दिसते ते असे की दर पाच प्रौढ माणसांमागे सुमारे एकाला मधुमेह आहे. जगात ज्या देशांत हा रोग फार आहे त्यांत आपला क्रमांक वरचा लागतो. एखाद्या लग्नाला शंभर वडीलधारी माणसे आली तर त्यांतील वीस जणांना हा विकार असणार, असा याचा अर्थ होतो. पाय कापावा लागलेला, दृष्टी गेलेला किंवा आठवड्यातून तीनदा रक्त शुद्ध करून घ्यायला रुग्णालयात जाणारा कोणीतरी बहुतेक प्रत्येक घराच्या नात्यात आहे. आपले पूर्वज उसाच्या मळ्यात राबायला आले. साखर त्यांनी पिकविली, पण ती त्यांच्या वाट्याला फारशी आली नाही. आज नातवंडांच्या रक्तातच ती साठली आहे.

सरकारांनीही ही गोष्ट ओळखली आहे. मॉरिशसमध्ये 2013 पासून गोड पेयांवर, त्यांतील साखरेच्या वजनानुसार कर बसू लागला. ओमानने 2019 च्या जूनमध्ये फसफसणाऱ्या पेयांवर 50 टक्के कर लावला आणि ऑक्टोबर 2020 पासून इतर साखरयुक्त पेयांनाही तो लागू केला. पण कराने बाटली महाग होते, सवय मोडत नाही. सवय मोडायची तर तिच्या जागी दुसरी चांगली वस्तू ठेवावी लागते, आणि ती जिभेला आवडावी लागते. घरचे फळ-सरबत ती जागा घेऊ शकेल असे आम्हांला वाटते.

आता लिंबाविषयी थोडेसे. आम्ही पेशाने शिक्षक, त्यामुळे शब्दांची गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. आपण मराठीत ‘लिंबू’ म्हणतो, संस्कृतात ‘निम्बूक’ आहे, फारसीत ‘लीमू’, अरबीत ‘लैमून’, ओमानात ‘लूमी’ आणि आपल्या क्रिओलमध्ये ‘लिमों’. सर्व एकाच घराण्यातले शब्द! फळही याच वाटेने गेले. पूर्वेकडून भारतात, तेथून अरबांच्या गलबतांतून पश्चिमेला. ‘सरबत’ हा शब्द अरबीतील ‘पिणे’ या अर्थाच्या धातूपासून झाला, आणि फ्रेंचमधील ‘सिरो’ व ‘सॉर्बे’ हेही त्याच धातूचे नातेवाईक आहेत. बाराव्या शतकात इजिप्तमध्ये सलाहुद्दीन सुलतानाच्या पदरी असलेल्या इब्न जुमय नावाच्या वैद्याने लिंबाच्या पेयावर एक पुस्तकच लिहिले होते. म्हणजे लिंबू-सरबत हे काही कालपरवाचे पेय नव्हे.

ओमानी लोक लिंबाचा आणखी एक उपयोग करतात. लहान लिंबे मिठाच्या पाण्यात उकळून उन्हात वाळवितात. ती आतून काळी पडतात आणि खुळखुळ्यासारखी हलकी होतात. हीच ‘लूमी’. इराणात तिला ओमानच्या नावानेच ओळखतात. मत्रहच्या जुन्या बाजारात तिची पोती उघडी मांडलेली असतात. आपल्या ओळखीची खारीकही तेथे भेटते. ओमानातील मब्सली जातीचे कच्चे खजूर उकळून वाळवितात आणि ती खारीक भारताकडे जाते. लग्नाच्या ओटीत जी खारीक पडते तिचा प्रवास असा आहे.

पण या लिंबाच्या देशात एक दुःखाची गोष्टही घडली. 1970 च्या दशकात बातिना किनाऱ्यावरील लिंबाच्या झाडांवर एक विचित्र रोग दिसू लागला. फांद्यांच्या टोकांना बारीक, फिकट पानांचे दाट झुबके येतात, अगदी केरसुणीसारखे. त्या फांदीला फळ धरत नाही आणि चार-पाच वर्षांत झाड मरते. हा रोग अतिसूक्ष्म जंतूंमुळे होतो व तुडतुड्यांमार्फत पसरतो. बागाच्या बागा नाहीशा झाल्या. पुढे 1989 मध्ये तो संयुक्त अरब अमिरातीत आणि 1997 मध्ये इराणात आढळला. रोगी झाड बरे करण्याचे औषध नाही. ते उपटून जाळायचे आणि निरोगी रोपे लावायची, एवढेच हाती राहते. त्यामुळे लिंबाची जन्मभूमी म्हणावी अशा बाजारातही आज बाहेरून आलेली लिंबे दिसतात.

यातून आपण एक धडा घ्यावा. परदेशी गेल्यावर “काकांच्या बागेतले लिंबाचे कलम” म्हणून एखादी डहाळी पिशवीत लपवून आणण्याचा मोह अनेकांना होतो. कृपा करून तसे करू नये. रोप, डहाळी, बी काहीही असो, परवान्याशिवाय आणू नये. एका डहाळीबरोबर आलेला रोग साऱ्या बेटावरची लिंबे संपवू शकतो.

आता मुख्य कृतीकडे वळू. वीस माणसांना प्रत्येकी एक मोठा पेला, म्हणजे सुमारे चार लिटर सरबत, या हिशोबाने साहित्य देत आहोत.

मध्यम आकाराची रसदार लिंबे 16 ते 18 (रस सुमारे 300 मिलिलिटर), कलिंगडाचा गाळलेला रस 1 लिटर, साखर 160 ग्रॅम, मीठ 1 सपाट चहाचा चमचा, पुदिन्याची मूठभर पाने, आल्याचा लहान तुकडा, पिण्याचे थंड पाणी 2 लिटर आणि बर्फ सुमारे 700 ग्रॅम.

कलिंगड कापण्यापूर्वी त्याची साल बाहेरून नीट धुवावी, कारण सालीवरची माती सुरीबरोबर आत जाते. गर हाताने कुस्करून किंवा यंत्रात फिरवून गाळणीतून गाळावा. साखर थंड पाण्यात लवकर विरघळत नाही आणि मग विरघळेना म्हणून आपण अजून घालतो! त्यासाठी दोन लिटरांतले थोडे पाणी गरम करून त्यात साखर आणि मीठ विरघळवावे, ठेचलेले आले टाकावे व ते गार झाल्यावर गाळून घ्यावे. पुदिना यंत्रात वाटू नये, तो काळपट होतो आणि कडवटपणा येतो. पाने हातावर टाळी वाजवल्यासारखी दाबून टाकली की पुरे.

लिंबू सर्वांत शेवटी. ते आधी ओट्यावर तळहाताने दाबून फिरवावे, म्हणजे रस सुटतो. पिळताना अगदी पिळवटून काढू नये, नाहीतर सालीचा व बियांचा कडवटपणा उतरतो. रस काढून तासन्‌तास ठेवला तरी तो आपोआप कडू होत जातो. म्हणून पाहुणे दारात आल्यावरच लिंबे पिळावीत. मग सर्व एकत्र करून ढवळावे आणि बर्फ घालावा. बर्फ पिण्याच्या शुद्ध पाण्याचाच असावा. उरलेले सरबत बाहेर ठेवू नये. शीतपेटीत ठेवून दुसऱ्या दिवशी संपवावे.

भांड्याविषयी एक सूचना. लिंबाचा रस आम्लधर्मी आहे. तांब्याच्या, कल्हई नसलेल्या पितळेच्या किंवा ॲल्युमिनियमच्या भांड्यात तो ठेवू नये. धातू रसात उतरतो. स्टील, काच किंवा चिनी मातीचे भांडे उत्तम.

दुसरी सूचना अधिक महत्त्वाची, कारण ती फार थोड्यांना ठाऊक असते. लिंबाचा रस कातडीवर लागलेला असताना ऊन लागले तर एक-दोन दिवसांत त्या जागी लाल चट्टे किंवा भाजल्यासारखे फोड येतात आणि काळे डाग कित्येक आठवडे राहतात. समुद्रकिनारी उन्हात बसून लिंबे पिळण्याची आपल्याला सवय आहे. ती कामे सावलीत करावीत आणि हात साबणाने धुऊन मगच उन्हात जावे. लहान मुलांच्या बाबतीत विशेष जपावे.

आता साखरेचा हिशोब मांडू. नेहमीच्या गोड लिंबू-सरबताच्या 200 मिलिलिटरच्या पेल्यात 20 ग्रॅमच्या आसपास साखर असते. कोलाच्या 330 मिलिलिटरच्या डब्यात सुमारे 35 ग्रॅम, म्हणजे सात-आठ चमचे! वर दिलेल्या कृतीत प्रत्येक पेल्याला 8 ग्रॅम साखर आणि कलिंगडातून आलेली तीन-चार ग्रॅम, असे मिळून 12 ग्रॅमच्या आत बसते. जागतिक आरोग्य संघटनेने 2015 मध्ये सुचविले की वरून घातलेली आणि रसांतून येणारी साखर मिळून दिवसाला शक्यतो 25 ग्रॅमच्या आत असावी. कोलाच्या एका डब्यातच ती मर्यादा ओलांडली जाते. मात्र फळाच्या रसातील साखर हीदेखील साखरच आहे, “फळाचे आहे, कितीही प्या” असे म्हणू नये. मधुमेही माणसांसाठी साखर व फळ-रस न घालता लिंबू, पुदिना, आले व चिमूटभर मीठ यांचे सरबत करावे. आपल्या औषधांप्रमाणे किती घ्यावे ते डॉक्टरांना विचारावे. रक्तदाब असलेल्यांनी मीठही वगळावे.

कुरुममध्ये फळे ऋतूप्रमाणे बदलतात. जबल अख्दर या उंच डोंगरावर वसंतात गुलाब काढतात व त्याचे गुलाबपाणी करतात. उन्हाळा सरताना तेथली डाळिंबे बाजारात येतात. डाळिंबाचा रस, लिंबू आणि चमचाभर गुलाबपाणी हे मिश्रण अतिशय सुवासिक होते. शेजारच्या ओमानी बाईंनी आम्हांला लूमीचे पेय पाजले. चार-पाच लूमी फोडून, कडू बिया काढून, लिटरभर पाण्यात पाच-सात मिनिटे उकळायच्या, गाळून गार करायचे आणि थोडा मध घालायचा. चव आंबट आणि किंचित धुरकट, चिंच आणि कोकम यांच्या मधली वाटते. यजमानांच्या घरी कोकणातून आणलेली आमसुलेही होती, त्यांचे सरबत वेगळे.

आपल्या बेटावर काय कमी आहे? डिसेंबरात लिची असते. वीस-पंचवीस लिचींचा गर कुस्करून वरच्या कृतीत कलिंगडाच्या जागी घालावा आणि पाणी थोडे वाढवावे. लिची गोड, म्हणून साखर 100 ग्रॅमवर आणावी. आपला छोटा व्हिक्टोरिया अननस लिंबू व आल्याबरोबर फार छान लागतो. पॅशनफळाचा गर गाळून घातला तर लिंबे निम्मी पुरतात. थंडीच्या सुरुवातीला डोंगरातून गोळा केलेले लाल गोयाव द शीन कुस्करून त्याचा रस काढता येतो. चिंच तर घरोघर आहे. प्रत्येक वेळी नियम एकच : आधी साखर बेताची घालावी, चव पाहावी, आणि पाक वेगळा ठेवावा.

मुलांना हे काम जरूर सांगावे. आमच्या अनुभवाने सांगतो की मुले जे स्वतः बनवितात ते आवडीने पितात. लिंबे मोजणे, मिलिलिटर मापणे, चार लिटरांतील साखर वीस पेल्यांत वाटणे, हे गणित वहीपेक्षा पातेल्याशेजारी लवकर समजते. त्यातच ‘पिळणे’, ‘गाळणे’, ‘ढवळणे’, ‘कुस्करणे’ हे मराठी शब्द त्यांच्या कानावर पडतील. आपल्या घरांतून मराठी कमी होत चालली आहे अशी तक्रार आपण सभांतून करतो. स्वयंपाकघरात आजीबरोबर घालविलेला अर्धा तास त्या तक्रारीवर चांगला उपाय आहे.

कोणी म्हणेल, बाटल्या मांडल्या नाहीत तर लोक काय म्हणतील? पाहुणचार कमी केला असे वाटणार नाही का? वाचकहो, बाटली पैसे टाकले की मिळते. आपल्या हाताने अठरा लिंबे पिळणाऱ्याने पाहुण्यासाठी वेळ दिलेला असतो, आणि तो पाहुण्याला कळतो. कुरुमच्या त्या संध्याकाळी पातेले दोनदा भरावे लागले. किटलीतला पाक मात्र अर्ध्याहून अधिक तसाच राहिला. मामंजींनी सर्वांसारखाच पेला घेतला, आणि त्यांना कोणी काही विचारले नाही.

येत्या सुट्यांत आपल्या घरी, मंडळाच्या सहलीत, शाळेच्या कार्यक्रमात एकदा हा प्रयोग करून पाहावा. सुरुवात एका पातेल्याने होऊ द्या. बाटल्या एकदम बंद करण्याची गरज नाही, त्या टेबलाच्या दुसऱ्या टोकाला असू द्याव्यात. पाक वेगळ्या किटलीत ठेवावा, आणि घरातील वडीलधाऱ्यांच्या हातात पहिला पेला द्यावा.